रविवारपुरती शिकार

ताता शिकारीला जात ते शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर, आणि सोमवारी त्यांचा उपास असे. बंदुकीच्या वाट्याला मधला एक रविवार तेवढा यायचा. आजोबांना आम्ही ताता म्हणत असू, कारण मद्रासमधली सगळीच मुलं म्हणतात. आजीला मात्र आजीच म्हणायचं. ती बेळगावची होती आणि तमिळ नात्यांना तिनं स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही.

वारांचा हिशेब आमच्या घरी कडक होता. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा (हा आजीनं पेरंबूरच्या शेजारणींकडून उचललेला), शनिवार मारुतीचा. मांसमच्छीसाठी उरले बुधवार आणि रविवार. बुधवारी तातांच्या कारखान्याचा भोंगा वाजायचा. घरात फ्रिज नव्हता, आणि मद्रासच्या हवेत डिसेंबरातसुद्धा मारलेला पक्षी दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही. त्यामुळे जे काही मारायचं ते रविवारी सकाळी, आणि खायचं ते रविवारी रात्री अकराच्या आत. शिल्लक राहिलं तर सोमवारच्या पहाटे घरात मांस असल्याचं पाप, आणि ते निस्तरायला आजी. तातांचा संयम म्हणून पुढे नातेवाइकांत ज्याचं कौतुक झालं, त्यातला बराचसा या वेळापत्रकाचा होता. थोडा काडतुसांच्या किमतीचाही. आणि खरं सांगायचं तर थोडा त्यांच्या नेमाचा, कारण उडता पाणलावा पाडणं त्यांना दर वेळी जमतच होतं असं नाही.

आमचं घराणं तंजावरचं. व्यंकोजीराजांबरोबर जे लोक खाली उतरले त्यांतलं, असं ताता सांगत. सांगण्यात उत्साह जास्त आणि पुरावा कमी. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात शरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत भिंतभर कोरून घेतला आहे. ताता आम्हां नातवंडांना तिथं नेऊन अक्षरांवर बोट फिरवत आणि आपल्या आडनावाचा कुणी सापडतो का ते शोधत. सापडत नसे. मग ते म्हणत, "असेल पुढच्या ओळीत," आणि तेवढ्यात गाडीची वेळ व्हायची.

१८५५ साली गादीला वारस नाही म्हणून कंपनीनं तंजावर खालसा केलं. राजवाड्यावर जगणारी माणसं हळूहळू पांगली. कुणी कारकून झालं, कुणी पोलिसांत गेलं, बरेचसे रेल्वेत शिरले. तातांच्या वडिलांना नोकरी मिळाली ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत. १९०८ साली दोन कंपन्या एक होऊन हे लांबलचक नाव तयार झालं होतं, आणि त्यातल्या 'मराठा' शब्दामुळे साहेबाला वाटे की या माणसाची काहीतरी वंशपरंपरागत ओळख असणार. तसं काही नव्हतं. पण त्या रेल्वेचे रूळ पार हुबळी-बेळगाव-पुण्यापर्यंत जात होते आणि त्याच रुळांवरून आमची आजी आली. तिचे वडील बेळगाव स्टेशनात होते. दोन रेल्वेवाल्यांनी पासावर प्रवास करून सोयरीक जुळवली, आणि तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरात बेळगावी मराठी बोलणारी सून आली. पहिली काही वर्षं सासूचं बोलणं तिला निम्मं कळायचं. तिनं आपली पोथी, आपला तिखटाचा डबा आणि आपली बोली धरून ठेवली. माझं मराठी जे काही आहे ते तिच्यामुळे. तातांचं मराठी तमिळच्या हेलात चालायचं, आणि ते पत्र लिहीत तेव्हा मजकूर मराठी असला तरी लिपी तमिळ असे.

ताता पेरंबूरच्या कॅरेज वर्क्समध्ये चार्जमन होते. १९५१ च्या एप्रिलमध्ये रेल्वेचं नाव बदलून दक्षिण रेल्वे झालं, पण भोंगा तोच राहिला आणि शिकारीचे सोबतीही त्याच भोंग्याचे. एक अँग्लो-इंडियन फोरमन, ज्यांना आम्ही अंकल म्हणत असू. एक डब्यांच्या गाद्या शिवणाऱ्या खात्यातले मुसलमान गृहस्थ, सगळ्यांचे भाई. अंकलची बंदूक इंग्रजी आणि महाग, तातांची दुनळी सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाकडून स्वस्तात घेतलेली. भाईंकडे बंदूक नव्हती. त्यांच्याकडे सुरी होती, पातेलं होतं आणि रांधायचं कसब होतं, आणि त्या तिघांच्या टोळीत खरा अधिकार त्यांचाच चालायचा.

याचं कारण असं की छर्ऱ्यानं मेलेला पक्षी भाईंना चालत नसे. पडलेला पक्षी जिवंत असताना त्यांनी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली तरच तो पातेल्यात. त्यामुळे बार झाला की बंदूकवाले जागेवर उभे आणि भाई लुंगी गुडघ्यावर खोचून चिखलातून धावत. पाणलावा म्हणजे मूठभर जीव, कुजलेल्या धसकटांच्या रंगाचा, पडला की दिसत नाही. अंकल घड्याळ काढून पैज लावायचे. वेळेत सापडलेले भाईंच्या पातेल्यात, उशिरा सापडलेले अंकलच्या पिशवीत. तातांना दोन्ही चालत. आणि आजीला, हे ऐकून मला मोठेपणी नवल वाटलं, फक्त भाईंच्या हातचे चालत. तिच्या माहेरी खेड्यावर देवीचं बकरंसुद्धा मुलाण्याच्या सुरीनंच कापलं जायचं. ज्यानं नाव न घेता जीव घेतला त्याचं मांस तिच्या लेखी नुसतंच मेलेलं.

त्या दिवसांत मद्रासच्या दक्षिणेला शहर सैदापेटच्या पुढे विरळ होत जायचं. परंगिमलैला, म्हणजे सेंट थॉमस माउंटला, मीटरगेजच्या लोकलमधून सायकली उतरवायच्या आणि वेळच्चेरीच्या अंगानं पळ्ळिकरणैच्या दलदलीकडे निघायचं. वेळच्चेरी तेव्हा खेडं होतं. मार्गळीचा, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराचा, महिना असेल तर पेरंबूरच्या गल्ल्यांतून निघतानाच भजनाच्या मंडळ्या भेटत. डोकीला मफलर, हातात झांजा, दारादारांत ओल्या रांगोळ्या. त्या रांगोळ्या चुकवत ताता गोणपाटात गुंडाळलेली बंदूक सायकलच्या दांड्याला बांधून जायचे. भजनवाल्यांत त्यांच्याच कारखान्यातले लोक असत. ते म्हणत, "वांगो, वांगो," म्हणजे या की. ताता म्हणत, परत येताना येतो. परत येताना भजन संपलेलं असे.

दलदलीच्या कडेच्या भातखाचरांत रांगेनं चालायचं, पोटरीभर चिखलात. पाय जवळ येईपर्यंत पाणलावा हलत नाही. मग एकदम चिरकतो आणि नागमोडी उडतो, आत्ता इकडे, क्षणात तिकडे. याला आठ नंबरचे बारीक छर्रे लागतात. बदकांना, म्हणजे चक्रांगांना आणि अडईंना, जाड छर्रे. कागदी नळीची काडतुसं समुद्राच्या हवेत फुगत आणि नळीत अडकत, म्हणून ती अधूनमधून गच्चीवर ऊन दाखवायला मांडली जात. तिथंच आजीचे तांदळाचे वडाम वाळत असत. एकाच चटईवर दोन्ही मांडू नका असं तिचं कायम सांगणं असे. यात शास्त्र किती होतं कोण जाणे, पण काडतुसं उन्हात ठेवू नयेत हे खरंच आहे. पुढे विलायती काडतुसं मिळेनाशी झाली आणि खडकीच्या सरकारी कारखान्यातली 'शक्तिमान' आली. ताता डबा उलटा करून 'खडकी' वाचत आणि आजीला म्हणत, "बघ, तुझ्या मुलखातून आलंय."

तिचा मुलूख बेळगाव, खडकी नव्हे. पण ती मान हलवायची.

अंकलनी एकदा आपल्या घरचा खास पदार्थ म्हणून सांगितलं की पाणलावा आतडी न काढता भाजतात आणि आतलं सगळं टोस्टवर पसरून खातात. साहेब लोक तसंच खातात, हा पक्षी उडताना पोट रिकामं करतो म्हणून. आजीनं हे ऐकून घेतलं. त्यानंतर अंकल जेवायला असले की त्यांच्या पानात रस्सा वाढून झाल्याशिवाय ती त्यांना स्वयंपाकघराकडे फिरकू देत नसे, न जाणो हा माणूस कधी काय मागेल. अंकलच्या घरून नाताळात केक यायचा. त्यात रम आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण मद्रास राज्यात १९४८ पासून दारूबंदी असल्यामुळे त्याला कुणी रम म्हणत नसे. शिकारीच्या फेऱ्यांत ताडीच्या झाडांशी काय बोलणी व्हायची याबद्दल आजीचा पक्का संशय होता. दारूबंदी उठली १९७१ साली, आणि त्यानंतर तातांची शिकारीची हौस थोडी मंदावली, हा पुरावा ती मरेपर्यंत देत असे.

मला शिकारीला नेलं ते पुलिकतच्या सरोवरावर. मुलीला काय न्यायचं, असं म्हणून झालं, मग भाईंनी मध्यस्थी केली. सेंट्रलवरून पोन्नेरीपर्यंत गाडी, पुढे बस, मग होडी. डचांचं जुनं कबरस्तान तिथं आहे, फाटकावर दगडी सांगाडे कोरलेलं. अंकलनी टोपी काढून छातीवर क्रूस केला, भाईंनीही दोन्ही हात उचलले, ताता नमस्कार करून मोकळे झाले. तिघांनाही आत कोण पुरलंय याची माहिती नव्हती. सरोवरात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, इतका लांबवर की मला वाटलं किनाराच गुलाबी आहे. त्यांच्यावर बंदूक उगारायची नाही असा तिघांचा नेम होता. का, म्हणून मी विचारलं. भाई म्हणाले, उंच आहे, माणसासारखा चालतो. अंकल म्हणाले, चव नाही. तातांनी उत्तर दिलं नाही. एकाच नेमाला प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं हे मी तिथं पाहिलं, आणि नेम टिकायला कारण एक असावं लागत नाही हेही.

नेमांचं म्हटलं तर वारांच्या वर महिने होते. तमिळ लोक पुरट्टासी महिनाभर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मांस सोडतात. कुणी आडी महिना देवीसाठी पाळतात. आमच्याकडे श्रावण होताच. आजीनं आपल्या पंचांगाला शेजारणींचं पंचांग जोडून घेतलं आणि जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदूक भिंतीवरून खाली येईना. इंग्रजांचा १९१२ चा पक्षी-प्राण्यांचा कायदा होता, त्यातही विणीच्या काळाची बंदी असे. पण तातांना कायद्याच्या तारखा पाहायची वेळच आली नाही. घरातली बंदी सरकारी बंदीपेक्षा लांब होती.

ती उठायची खंडे नवमीला, निदान अर्धी. त्या दिवशी तमिळनाडूत आयुधपूजा असते. कॅरेज वर्क्समध्ये लेथला केळीचे खांब बांधत, यंत्रांना चंदनाचे पट्टे ओढत, चुरमुरे आणि सुंडल वाटत. घरी येऊन ताता सायकल, पट्टी, स्क्रू-गेज, आजीची शिवणयंत्राची पेटी आणि मधोमध बंदूक अशी मांडणी करत. बंदुकीला झेंडूची माळ, गंध, दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी एकेक जास्वंद. मग कोहळा. तो पोखरून आत कुंकू आणि चार नाणी घालून रस्त्यावर फोडायचा, की लाल लगदा पसरतो. आपल्याकडेही देवीला बोकडाऐवजी कोहळा देतात, त्यामुळे आजीला त्यात नवं वाटलं नाही. मला मात्र अजून प्रश्न पडतो की ज्या घरात पुढच्या आठवड्यात खरं रक्त सांडायचंच होतं, तिथं कोहळ्याचं खोटं रक्त कुणासाठी होतं. तातांना हे विचारण्याइतकी मी मोठी होईपर्यंत ते ऐकू येईनासे झाले होते.

हंगामाच्या आधी ते जॉर्ज टाउनमध्ये तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळच्या देवळात जात. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ च्या ऑक्टोबरात, शिवाजी महाराज तिथं दर्शनाला येऊन गेले अशी त्या देवळाची परंपरा आहे आणि मद्रासच्या मराठ्यांना ती तोंडपाठ. ताता खिशात दोन काडतुसं घेऊन रांगेत उभे राहत. देवीला कळावं, पुजाऱ्याला कळू नये.

पण त्यांचा खरा देव निराळाच होता. मैलापूरच्या कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवात त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, मूर्ती पालख्यांतून निघतात. त्यांतल्या कण्णप्पासाठी ताता पेरंबूरहून दोन बस बदलून जात. कण्णप्पा म्हणजे तिण्णन, पारध्याचा पोर. कालहस्तीच्या रानात त्याला शिवलिंग सापडलं. तो रोज शिकार करायचा, मांस चावून कोवळं कुठलं ते पाहायचा आणि तेवढं देवापुढे ठेवायचा. हात मोकळे नाहीत म्हणून पाणी तोंडातून आणायचा, फुलं केसांतून. पुजारी रोज येऊन शिसारीनं सगळं धुऊन काढी. मग लिंगाच्या डोळ्यातून रक्त आलं. तिण्णननं बाणानं आपला डोळा काढून तिथं बसवला. दुसरा डोळा वाहायला लागला, तेव्हा आपल्याला दिसणार नाही म्हणून जागेवर पायाचा अंगठा टेकवला आणि दुसऱ्या डोळ्याला बाण लावला. तिथं देवानं हात धरला.

ताता ही गोष्ट सांगताना अंगठा टेकवायचे ते जेवणाच्या पाटावर, आणि आजी ओरडायची.

तिची गोष्ट दुसरी होती. महाशिवरात्रीला ती शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाची. श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीला पुरी केलेली ही पोथी तिच्या माहेरून आलेली, पानं तेलकट झालेली. त्यातही पारधीच आहे. बेलाच्या झाडावर बसून नकळत पानं खाली टाकणारा, खाली पिंडी. हरिणी येते आणि म्हणते, मला घरी जाऊन येऊ दे, मग मार. तो जाऊ देतो. ती परत येते, सगळं कुटुंब येतं, आणि धनुष्य त्याच्या हातून गळतं.

दोन्ही गोष्टींत पारध्याला शंकर भेटतो. एकीत मांस वाहिल्यामुळे, दुसरीत मांस सोडल्यामुळे. महाशिवरात्रीला आमच्या ओसरीवर हा वाद चालायचा, निर्जळी उपास पोटात घेऊन. ताता म्हणत, कण्णप्पानं हरणाला विचारलं नव्हतं, तरी देव आला. आजी म्हणे, तुम्ही देवापुढे कधी ठेवलंय? तुम्ही तर भाईंच्या पातेल्यात ठेवता. यावर तातांकडे उत्तर नसे, आणि त्या रविवारी ते बहुधा जात नसत. पण त्याच्या पुढच्या रविवारी जात. मार्च उजाडला की पाणलावे उत्तरेकडे निघतात, फार दिवस उरलेले नसत.

माझे काही नातलग या सगळ्यावरून ताता निसर्गप्रेमी होते असं म्हणतात. ते नव्हते. त्यांना पक्षी पाडण्यात आनंद होता, पहाटेच्या गारव्यात दोन मित्रांबरोबर चालण्यात आनंद होता, आणि हे दोन आनंद त्यांना वेगळे करता येत नव्हते. एवढंच की त्यांची भूक मोजकी होती. १९३८ च्या नोव्हेंबरात भरतपूरच्या तळ्यांवर व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तिथं कुणी सोमवार पाळत नव्हतं, आणि ते पक्षी सोलायला कुणाची आजी बसली नव्हती.

आता चौथ्या माणसाबद्दल, ज्याला मी मुद्दाम मागे ठेवलं नाही, पण गोष्टींत तो नेहमी मागेच राहायचा. वाट दाखवायला एक नरिकुरवर यायचा. मद्रासमध्ये स्टेशनांबाहेर मण्यांच्या माळा विकत बसलेली ही माणसं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पूर्वी ती कोल्हे आणि पाखरं धरून जगत. तित्तराचा आवाज तो तोंडानं असा काढायचा की झुडपातून उत्तर यायचं. घोड्याच्या केसांचे फास लावायचा. या लोकांची बोली तमिळ नव्हे, आपल्या आणि गुजरातीच्या अंगाची आहे, आणि त्यांच्यातले काहीजण आपण शिवाजीच्या फौजेतून इकडे राहिलो असं सांगतात. म्हणजे पळ्ळिकरणैच्या चिखलात पहाटे महाराजांच्या फौजेचे दोन वंशज उभे असायचे. एकाकडे बंदुकीचा परवाना आणि रेल्वेचा पास, दुसऱ्याच्या गळ्यात माळा. पुरावा दोघांकडेही सारखाच.

तो तातांना "सामी" म्हणे. ताताही त्याला "सामी" म्हणत, सगळं मद्रास म्हणतं म्हणून. त्याच्या घरी देवाचं एक गाठोडं असे, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आत देवीच्या मूर्ती आणि बळीच्या रक्ताचे कपडे. ते परक्यानं पाहायचं नाही. तातांना त्या गाठोड्याबद्दल फार आदर होता. पण दुपारी भाईंचं पातेलं उतरलं की तिघं एका ताटलीशी बसत, एक मराठा, एक ख्रिस्ती, एक मुसलमान, आणि तो बाभळीखाली लांब बसे. त्याला पानावर वेगळं वाढलं जाई. दोन तित्तर, काही पैसे आणि काडतुसांच्या रिकाम्या पितळी टोप्या एवढा त्याचा वाटा. तीन धर्मांच्या त्या पंगतीचं वर्णन मी लहानपणी अभिमानानं ऐकलं, आणि ते खोटं नाही. फक्त बाभळीपर्यंत ती पोहोचत नव्हती, आणि हे त्या तिघांतल्या कुणाला खटकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. २०२२ च्या डिसेंबरात संसदेनं नरिकुरवरांना अनुसूचित जमातींत घेणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा मला तातांच्या टोळीतलं ते पान आठवलं.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा छोट्या शिकारीला परवाना मिळण्याची सोय त्यात होती. सरसकट बंदी झाली १९९१ मध्ये. पण परवान्यासाठी खेपा घालण्याचं तातांचं वय राहिलं नव्हतं, आणि अंकल मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते, पेरंबूरचे निम्मे अँग्लो-इंडियन गेले तसे. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर सोडवून आणायची. एका निवडणुकीनंतर ताता ती सोडवायला गेलेच नाहीत.

माझ्या वडिलांनी त्यांना वेडंतांगलला नेलं, करमणूक म्हणून. तिथल्या तळ्यावर हजारो पक्षी झाडांवर घरटी करतात. १७९८ साली गोऱ्या शिपायांनी तिथं पक्षी मारले म्हणून गावकरी चेंगलपट्टूच्या कलेक्टराकडे, लायोनेल प्लेसकडे गेले, आणि त्यानं पक्ष्यांच्या रक्षणाचा कौलनामा लिहून दिला. गावकऱ्यांचा व्यवहार साधा होता. पक्ष्यांच्या विष्ठेनं तळ्याचं पाणी खतासारखं होतं आणि भात पिकतं. ताता कौलनाम्याच्या गोष्टीवर खूष झाले, रेल्वेतल्या माणसाला कागदाचं महत्त्व असतंच. पक्ष्यांकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे तर बसलेलेच आहेत. मग चहाची टपरी शोधू लागले.

वेळच्चेरीत आता आमच्या तीन नातलगांचे फ्लॅट आहेत. पळ्ळिकरणैच्या दलदलीचा मोठा भाग कचऱ्याच्या डेपोनं, रस्त्यांनी आणि आयटी कंपन्यांच्या इमारतींनी खाल्ला. २००७ मध्ये उरलेल्यापैकी ३१७ हेक्टर राखीव वन झालं, २०२२ मध्ये दलदलीला महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत जागा मिळाली. २०१५ च्या डिसेंबरात पाणी आपल्या जुन्या वाटेनं आलं आणि माझ्या आत्याच्या मुलाला होडीतून काढावं लागलं. त्यानं, त्याच्या बापानं, आमच्यापैकी कुणीच उभ्या आयुष्यात एक चिमणी मारलेली नाही. आमच्यातले निम्मे शुद्ध शाकाहारी झालेत.

ताता गेले तेव्हा भाई आले, हातात सुरी नसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ओसरीवर बसून राहिले, मग आजीला म्हणाले, "अम्मा, हिसाब बाकी नाही ना काही?" आजी म्हणाली, पातेलं आमच्याकडे राहिलंय. ते त्यांनी नेलं नाही.

नरिकुरवराला बातमी उशिरा लागली. महिन्यानं तो आला, टोपलीत जिवंत तित्तरांची जोडी घेऊन. गुरुवार होता. शिवाय घरात सुतक नुकतंच फिटलेलं आणि धरलेले तित्तर दारात ठेवणं आता कायद्यानं गुन्हा. यातलं पहिलं कारण आजीनं त्याला सांगितलं. त्यानं टोपली झाकली आणि रिकाम्या काडतुसांच्या डब्याबद्दल विचारलं. आजीनं डबा आणून दिला, वर त्याच्या गळ्यातली लाल मण्यांची एक माळ माझ्यासाठी मागितली. तो आपल्या बोलीत आकडा सांगे, ती बेळगावी मराठीत निम्मा करी, आणि आकडे दोघांच्याही भाषेत इतके सारखे की मला मध्ये पडावं लागलं नाही. पितळेचा भाव कापून घ्या असं तिचं म्हणणं, डबा सामींनी आधीच कबूल केला होता असं त्याचं. ती त्याला आत बोलावून पाटावर बसवायला तयार नव्हती आणि तो पायरी सोडायला तयार नव्हता, म्हणून दोघं दारातच उभे राहून भांडत होते. शेवटी मी शाळेला निघाले तेव्हा गोष्ट सव्वा रुपयावर आली होती.